एका व्हॉल्व्हच्या रेडिओत शिट्टी का येत नाही?

प्रश्न
आजोबांच्या पेटीत सापडलेल्या १टी४ व्हॉल्व्हवर मी मध्यम लहरींचा रिजनरेटिव्ह रेडिओ (व्हॉल्व्हने वाढवलेल्या संदेशाचा काही भाग परत आत देऊन तो आणखी वाढवणारा) बांधला आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर २६ गेजच्या इनॅमल तारेचे ८० वेढे, त्यांच्या खालच्या अंगाला त्याच दिशेने टिकलरचे (संदेश परत देणाऱ्या कॉइलचे) २० वेढे, केंद्र लावण्यासाठी ३६५ पिकोफॅरडचा गँग (बदलता कंडेन्सर), व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटसाठी दीड व्होल्टचा एक सेल आणि प्लेटसाठी (वाढवलेला संदेश जेथून बाहेर पडतो त्या टोकासाठी) ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या मालिकेत, अशी जुळणी आहे. सासवडला घरी पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागते. परंतु आवाज इतका क्षीण आहे की पंखा बंद केल्याशिवाय शब्द उमगत नाहीत. स्क्रीन ग्रिडचा (व्हॉल्व्हची संदेश वाढवण्याची ताकद ठरवणाऱ्या जाळीचा) व्होल्टेज पॉटने, म्हणजे बदलत्या रोधकाने, पूर्ण वाढवूनही, परत दिलेला संदेश पुरेसा झाल्याची खूण असलेली शिट्टी येत नाही. फिलामेंट उजळलेले दिसत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच गेला असावा काय?

पहिले उत्तर
व्हॉल्व्हला दोष देण्याची घाई करू नये. हे फिलामेंट जेमतेम ५० मिलिअँपिअर घेते आणि काळोखातही त्याची मंद लाली कष्टानेच दिसते. शिवाय केंद्र ऐकू येते, त्याअर्थी व्हॉल्व्ह जिवंत आहे. माझा संशय टिकलरवर आहे. दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळली असतील, तर ग्रिड (व्हॉल्व्हमध्ये संदेश जेथून आत जातो ते टोक) एका बाहेरच्या टोकाला आणि प्लेट दुसऱ्या बाहेरच्या टोकाला हवी, आणि आतल्या दोन टोकांपैकी एक अर्थला व दुसरे बॅटरीच्या धन बाजूकडे जायला हवे. तुमच्याकडे उलटे झाले असेल, तर प्लेटकडून परतणारा संदेश मूळ संदेशाला बळ देण्याऐवजी मारतो. टिकलरच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहा.

दुसरे उत्तर
वरील सूचना योग्यच आहे, तथापि ग्रिडचा दोन मेगाओमचा रोधक कोठे जोडला आहे, तेही पाहावे. या व्हॉल्व्हमध्ये तो फिलामेंटच्या धन टोकाला, म्हणजे सातव्या पिनेला जोडल्यास शोधन (रेडिओ लहरीतून आवाज वेगळा करणे) चांगले होते. पुष्कळ जण सवयीने तो ऋण बाजूला जोडतात. तसेच मोबाइलचे इअरफोन थेट प्लेटच्या वाटेत लावले असतील, तर त्यांचे सुमारे ३२ ओम येथे कामाचे नाहीत. २००० ओमचा जुना हेडफोन मिळवावा, नाहीतर मोडीत निघालेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मधे घालावा.

तिसरे उत्तर
तारा बदलताना व्हॉल्व्ह बेसमधून काढून ठेवावा आणि तो परत बसवण्यापूर्वी पहिल्या व सातव्या, म्हणजे फिलामेंटच्या दोन पिनांमधील व्होल्टेज मीटरने तपासावे. ४५ व्होल्टची तार फिलामेंटला क्षणभर टेकली आणि माझा एक व्हॉल्व्ह, आवाजही न करता, गेला. एरियल थेट कॉइलला जोडलेली असेल, तर ती ५० पिकोफॅरडच्या कंडेन्सरमधून द्यावी, कारण लांब तारेच्या ओझ्याने रिजनरेशन दबून जाते. शिट्टी मिळाली की पॉट लगेच थोडा मागे घ्यावा. शिट्टी घालणारा असा रेडिओ स्वतःच प्रक्षेपक बनतो आणि शेजाऱ्याच्या रेडिओतही शीळ घालतो.

प्रश्नकर्ता
टिकलरच उलटा होता. तारा बदलताच पॉटच्या मध्यावर शिट्टी आली, आणि तो किंचित मागे फिरवल्यावर पंखा सुरू असतानाही बातम्या स्पष्ट ऐकू आल्या. इअरफोन थेटच जोडले होते. येत्या रविवारी जुन्या बाजारात ट्रान्सफॉर्मर शोधणार आहे.