किती उन्हाळे उरले?

काळ आणि मृत्यू हे संतकवींचे विषय, शहरी कवितेत ते आटले, असं कुणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. नारायण सुर्वे यांची ‘दोन दिवस’ पुन्हा वाचा. गेलेल्या दिवसांचा हिशोब मांडता मांडता कवी विचारतो, डोक्यावर अजून किती उन्हाळे उरलेत? वर्षं नव्हे, उन्हाळे! पगाराच्या दिवशी गिरणगावात घरोघरी व्हायचा तसाच हा हिशोब, फक्त शिल्लक कुणालाच ठाऊक नाही. सुर्वे तान्हे असताना मुंबईत बेवारस सापडले, गिरणी कामगारानं त्यांना वाढवलं. आपण कुणाच्या पोटी जन्मलो हे ज्याला कधी कळलं नाही, तो शेवटाबद्दल इतक्या शांतपणे विचारतो. मे महिन्यात परळच्या पुलावरून चालताना तो प्रश्न मला हमखास आठवतो.