कोड टाकून ऑनलाइन मीटिंगमध्ये जाताना : आपले अनुभव लिहा

निमंत्रणातील लिंकवर बोट ठेवले की मीटिंग उघडते, मग कोड लागतोच कशाला, असा प्रश्न अनेकजण विचारतात. कोड लागतो तो निमंत्रण एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असला म्हणजे. निरोप मुलाच्या व्हॉट्सॲपवर आलेला असतो आणि बसायचे असते वडिलांना, घरातल्या संगणकावर. किंवा निरोप छापील पत्रिकेत असतो आणि कागदावर बोट ठेवून काहीच उघडत नाही. अशा वेळी गूगल मीटची तीन-चार-तीन अशी मांडलेली दहा इंग्रजी अक्षरे, किंवा झूमचा नऊ ते अकरा आकडी क्रमांक आणि सोबतचा पासकोड, हे कोणाला तरी वाचून दाखवावे लागते आणि कोणाला तरी टाकावे लागते. कोणते ॲप चांगले याची चर्चा या धाग्यात नको. कोड मिळाल्यापासून आपण, किंवा आपण ज्यांना मदत केली ते, आत जाऊन बसेपर्यंत काय घडले आणि काय उपयोगी पडले, तेवढे सविस्तर लिहावे.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

जून २०२० मध्ये शाळेचे वर्ग बंदच राहिले आणि शिकवणे फोनवर आले. आमच्या गावात बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन होता आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर असे, म्हणून मी तास संध्याकाळी ठेवला होता. फोन घरी येईपर्यंत गटावर टाकलेली लिंक वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली यांच्या खाली गाडली गेलेली असे, त्यामुळे घरातला दुसरा साधा फोन लावून आजी किंवा आई म्हणत, "बाई, कोड सांगा." फोनवर बी, डी, पी, टी आणि व्ही ही अक्षरे जवळजवळ सारखीच ऐकू येतात. "बी फॉर बॉल" मुलाला कळते, पण मध्ये निरोप्या असलेल्या आजीच्या तोंडून ते पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचे काहीही होऊ शकते. म्हणून मी गावांची नावे घेऊ लागले : बी बारामतीचा, डी दौंडचा, पी पुण्याचा, टी तासगावचा, व्ही विट्याचा, एम मुंबईचा, एन नाशिकचा. आजी गाव सांगे आणि मूल अक्षर टाकी.

मीटच्या कोडमध्ये आकडा कधीच नसतो, सगळी अक्षरेच असतात, आणि ती लहान लिपीत लिहिलेली असतात. हे सगळ्यांना एकदा पक्के सांगितले की उभी रेघ दिसली तर ती एल आणि गोल दिसला तर तो ओ, असा निकाल लगेच लागतो. मधल्या आडव्या रेघा टाकल्या नाहीत तरी चालते. मात्र सर्वांत जास्त उपयोग झाला तो रोज नवा कोड न काढण्याचा. कॅलेंडरमध्ये रोजची मीटिंग एकदाच ठरवली की कोड तोच राहतो. मुलांनी तो वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि पालकांचे फोन येणे जवळपास थांबले. ज्या प्रशिक्षणांत रोज नवा कोड येई, तिथे पहिला काही वेळ "सर, कोड टाका" यातच जात असे, हे मी प्रशिक्षणार्थी म्हणूनही पाहिले आहे.

नाशिकहून

माझा अनुभव छोटा आहे. २०२२ मध्ये गूगलच्या ड्युओ या व्हिडिओ कॉलच्या ॲपचे नाव बदलून मीट झाले आणि आधीचे मीट "मीट (ओरिजिनल)" या नावाने काही काळ शेजारीच राहिले. सासूबाईंच्या फोनवर दोन्ही होती. "मीट उघडा आणि कोड टाका" असे फोनवर सांगणाऱ्याने आधी कोणते मीट ते विचारून घ्यावे, एवढे त्या वर्षी शिकायला मिळाले.

न्यू जर्सीहून

आम्हा भावंडांची आणि सांगलीच्या आत्यांची दर रविवारी भेट असते; एक भाची लंडनहून येते. कोड कित्येक महिने तोच आहे, तो आत्यांनी देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. अडचण कोडची कधी नव्हती, घड्याळाची होती. भारतात वर्षभर वेळ एकच. येथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते, म्हणजे भारताशी अंतर कधी साडेनऊ तासांचे, तर कधी साडेदहा तासांचे. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा तीन घरांची तीन गणिते होतात.

आत्या अशा एका रविवारी ठरल्या वेळी कोड टाकून बसल्या. मीटिंग आमच्या खात्यावरची असल्याने आम्ही आत घेतल्याशिवाय त्यांना प्रवेश नव्हता आणि आम्ही अजून उठायचे होतो. पडद्यावर थांबण्याची सूचना होती, पण त्यांनी ती कोड चुकल्याची सूचना समजून कोड पुन्हा पुन्हा टाकला. कोड चुकणे आणि दार उघडले न जाणे या दोन गोष्टी बाहेर बसलेल्या माणसाला सारख्याच वाटतात, हे मदत करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आता मीटिंग कॅलेंडरमध्ये भारतीय वेळेनुसार लावली आहे : संध्याकाळी साडेसात, बारा महिने. ज्यांची घड्याळे बदलतात त्यांनी आपले पाहावे, असा आत्यांचाच निर्णय आहे आणि मला तो योग्य वाटतो.

दृष्टिहीन बँक कर्मचारी, पुणे

कोड मी कानाने वाचतो. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो. त्यात अंकांच्या कळफलकावरील दोनचे बटण एकदा दाबले की अक्षर ऐकू येते आणि लागोपाठ दोनदा दाबले की त्याच अक्षराचा "ब्राव्हो", "डेल्टा" असा शब्द ऐकू येतो, त्यामुळे वर शिक्षिकाबाईंनी लिहिलेली बी-डीची शंका उरत नाही. शक्यतो मी कोड टाइप करतच नाही, कॉपी करून चिकटवतो. हे जमण्यासाठी कोड मजकुराच्या रूपात यावा लागतो. आपल्याकडे कार्यक्रमाची पत्रिका म्हणजे समई, तोरण, वक्त्यांचा फोटो आणि त्या सगळ्यात कुठे तरी कोड, असे एक चित्र असते. पत्रिका जरूर सुंदर करावी. तिच्याखाली कोड असलेली एक साधी ओळ वेगळी पाठवली तर आमच्यासारख्यांना कोणाला हाक मारावी लागत नाही. आत गेल्यावर माइकसाठी मीटमध्ये कंट्रोल आणि डी, विंडोजवरील झूममध्ये ऑल्ट आणि ए.

व्याख्यानमालेचा कार्यकर्ता, ठाणे

मी दाराच्या आतल्या बाजूला बसणारा आहे. एप्रिल २०२० मध्ये झूमने मोफत खात्यांसाठी पासकोड आणि वेटिंग रूम (आयोजक आत घेईपर्यंत थांबण्याची सोय) मुळातच चालू ठेवण्यास सुरुवात केली आणि त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयानेही प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक व पासवर्ड वापरावा आणि वेटिंग रूम ठेवावी, असा सल्ला दिला होता. लिंकमध्ये पासकोड आतच गुंफलेला असतो. क्रमांक टाकून येणाऱ्याला तो वेगळा टाकावा लागतो. लोक पुढे पाठवताना क्रमांक पाठवतात, पासकोड मागे राहतो, आणि मग वक्त्यांची ओळख चालू असताना माझा फोन वाजत राहतो. पासकोडमध्ये अक्षरे असतील तर लहान-मोठ्या लिपीचाही फरक पडतो, म्हणून आम्ही तो केवळ आकड्यांचा ठेवतो.

दाराशी येणाऱ्यांची नावे हा दुसरा विषय. श्रोत्याच्या नावाऐवजी फोनच्या मॉडेलचे नाव येते, नातवाचे येते, एकदा नुसते "होम" आले. अनोळखी नाव आत घ्यावे तर धोका आणि न घ्यावे तर नेमके मागच्या वर्षीचे अध्यक्ष बाहेर. आम्ही पत्रिकेतच विनंती छापतो की कोड टाकण्याच्याच पडद्यावर नावाचा रकाना असतो, तिथे आपले पूर्ण नाव लिहावे. मोफत खात्यात चाळीस मिनिटांनी सभा संपते आणि त्याच क्रमांकावर पुन्हा यावे लागते. वक्त्यांना हे आधी सांगितलेले बरे.

राजापूर तालुक्यातून

आमच्या वाडीत पावसाळ्यात इंटरनेट असले तर असते, साधा फोन मात्र लागतो. माजी विद्यार्थी मंडळाच्या सशुल्क झूम खात्यावर भारतातील फोन क्रमांक मिळतात, त्यामुळे मी साध्या कॉलवरून बैठकीला बसतो. क्रमांक लावायचा, मीटिंगचे आकडे दाबून हॅश दाबायचा, मग मागितला तर फोनसाठी दिलेला आकडी पासकोड आणि पुन्हा हॅश. माइक बंद-चालू करण्यासाठी तारा (*) आणि सहा, हात वर करण्यासाठी तारा आणि नऊ. इतिवृत्त लिहिणाऱ्याला आमचे नाव दिसत नाही, फोन क्रमांकातले काही आकडे तेवढे दिसतात. म्हणून फोनवरून आलेल्यांनी नावे सांगावीत, असे अध्यक्ष प्रत्येक बैठकीत म्हणतात आणि प्रत्येक बैठकीत आम्ही सगळे ती एकदमच सांगतो.