घानाच्या राजाच्या दाराशी ना खाणी, ना मिठागरं. मग सत्ता चालली कशावर?

उंटवाट:
जुन्या घानाबद्दल, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सोनिंके लोकांच्या वागादू राज्याबद्दल विचारतोय. आजचा घाना देश वेगळा. राजधानी मानली जाते ती कुंबी सालेह आज मॉरिटानियात आहे. उत्तम सोनं यायचं घियारू गावाहून, तेही राजाच्या नगरापासून १८ दिवसांच्या वाटेवर. मीठ यायचं सहारातून. यातलं काहीच दाराशी नसताना राजाची तिजोरी भरायची कशी? आणि राजा स्वतः मुसलमान नव्हता, तर त्याचे बहुतेक मंत्री मुसलमान कसे?

नाकेदार:
तिजोरी नाक्यावर भरायची. अरब भूगोलकार अल-बक्रीने १०६८च्या सुमारास दिलेले दर असे: मिठाने लादलेलं गाढव राज्यात आलं की १ सोन्याचा दिनार, तेच मीठ बाहेर निघालं की २ दिनार. तांब्याच्या ओझ्याला ५ मिथकाल, इतर मालाच्या ओझ्याला १०. मिथकाल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम सोनं, जवळपास एका दिनाराइतकंच.

मिठाचा जाताना दुप्पट कर नीट बघा. दक्षिणेला जसजसं जावं तसतसं मीठ महाग होतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या व्यापाऱ्याला पुढचा नफा दिसत असतो आणि तो कुरकुर न करता पैसे मोजतो. शिवाय एकाच मालावर दोनदा वसुली! खाण राखायला फौज लागते, वाट राखायला त्या मानाने कमी.

दुसरी मेख सोन्याची. खाणीत सापडलेले गोटे राजाचे, कण आणि भुकटी लोकांची. कारणही अल-बक्रीच देतो: असं केलं नाही तर सोन्याचा सुकाळ होऊन त्याची किंमतच उरणार नाही. म्हणजे राजा पुरवठा आवळून धरत होता.

उंटवाट:
छान. पण मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की माली या पुढच्या काळातल्या राज्याच्या राजधानीत मिठाचं ओझं २० ते ३० मिथकालला जायचं. ये-जा मिळून ३ दिनार कर, म्हणजे १० ते १५ टक्के. हिशोब बरोबर ना?

तराजू:
नाही, यात तीन गोष्टींची खिचडी झाली आहे. इब्न बतूता १३५२चा, अल-बक्रीपासून जवळजवळ तीनशे वर्षं पुढचा, आणि तोवर सत्ता मालीकडे गेली होती. त्याचं ओझं उंटाचं आहे (सहारातल्या ताघाझा खाणीच्या मिठाच्या दोन लाद्या), तुमचं गाढवाचं. आणि भाव ठिकाणागणिक बदलतो: तेच ओझं वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या वलाता इथे ८ ते १० मिथकाल, मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४० सुद्धा. टक्केवारी काढायचा मोह सोडा. या आकड्यांवरून एवढं मात्र पक्कं कळतं की वाळवंट ओलांडल्यावर उरलेल्या वाटेतही भाव दुप्पट-तिप्पट होत होता. वाटेवर बसलेल्याची चांदी होते ती इथेच.

आणखी एक: अल-बक्री स्वतः तिथे कधी गेला नव्हता. अंदालुसियात (आजच्या स्पेनमध्ये) बसून व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं आणि जुन्या ग्रंथांतलं त्याने लिहिलं. कर आणि भाव व्यापारी नीट सांगतात. राजाच्या देवराईत काय चालतं ते त्यांनी कितपत पाहिलं असेल, ही शंका ठेवूनच वाचा.

देवराई:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे मुसलमान मंत्र्यांबद्दल. राजधानी म्हणजे दोन गावं होती, सहा मैलांच्या अंतरावर, मधे सलग घरं. एक मुसलमानांचं, १२ मशिदींचं. दुसरं राजाचं, नाव अल-घाबा, म्हणजे रान. त्याभोवतीच्या राईत पुजारी, मूर्ती, राजांच्या समाध्या आणि तुरुंग. परक्याला आत पाऊल टाकायची सोय नाही. तरी दरबाराजवळ एक मशीद होती, भेटीला येणाऱ्या मुसलमानांसाठी.

दुभाषे, खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान, कारण लिहिता-वाचता येणारे तेच आणि उत्तरेच्या व्यापाऱ्यांशी भाषा, कायदा, पत ही सगळी नाती त्यांचीच. पण राजाचं राजेपण त्या राईतून येत होतं. वारसा बहिणीच्या मुलाकडे जायचा, कारण त्याच्या रक्ताबद्दल शंका नसते. राजाने उघड धर्म बदलला असता तर व्यापारी खूश झाले असते, प्रजेपुढे मात्र तो कोण उरला असता? तडजोड मुजऱ्यात दिसते: राजाच्या धर्माचे लोक गुडघे टेकून डोक्यावर माती उधळायचे, मुसलमानांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या की पुरे.

पुढे मालीचे राजे मुसलमान झाले, पण माती राहिलीच. १३५२मध्ये मालीचा मन्सा (राजा) सुलेमान याच्या दरबारात इब्न बतूताने ती उधळताना पाहिली आणि नापसंती नोंदवली.

नाकेदार:
यावरून आठवलं. मालीच्या राजांनी खाणी जिंकून का नाही घेतल्या, हेही कुणीतरी विचारेलच. अल-उमरी या अरब लेखकाने मालीचाच राजा मन्सा मूसा याच्या नावावर दिलेली हकीकत अशी की सोन्याचं एखादं गाव जिंकलं, तिथे इस्लाम पसरला, अजान सुरू झाली की तिथलं सोनं आटायचं आणि शेजारच्या गावांत वाढायचं. म्हणून त्या लोकांना त्यांच्या धर्मावर सोडून फक्त खंडणी घ्यायची, असं ठरलं. सोनं जमिनीतून आटत नसतं. माझ्या मते खणणाऱ्यांनी हात आखडता घेतला किंवा ते शेजारी निघून गेले. त्या मातीत कुठे खणायचं हे त्यांनाच ठाऊक होतं.