पोर्श ९४४ (१९८६): कूलंट कमी होतंय, थेंब पुढे पडतात, पण होज कोरड्या आहेत

जुनंइंजिन

नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची पोर्श ९४४, अडीच लिटरचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, टर्बो नाही. गेले काही आठवडे टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) हळूहळू खाली जातंय. चालवताना काहीच कळत नाही. तापमानाचा काटा जागेवर असतो, हीटरही नीट गरम होतो. पण लांब फिरवून आणून लावली की थोड्या वेळाने इंजिनाच्या पुढच्या भागाखाली थेंब पडायला लागतात आणि सकाळपर्यंत तळहाताएवढा डाग होतो.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून हात फिरवून पाहिला. रेडिएटर दोन्ही बाजूंनी कोरडा, वरची होज कोरडी, खालचीही कोरडी. ओल सगळी क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) पुलीपाशी, आणि तिथून मागे ऑइल पॅनवर गेलेली. एका मेकॅनिकने बॉनेट न उघडताच रेडिएटर बदलायला सांगितलं. दुसऱ्याने गळती बंद करणारी पावडर टाका म्हटलं.

ही गाडी मला जपायची आहे. अंदाजाने एकेक भाग बदलत जायचं नाही. गळती नेमकी कुठून आहे हे शोधायची रीत कुणी सांगेल का?

बॉनेटखाली

आधी टाकीची टोपी बघा. आतलं रबर कडक झालं असेल तर टोपी दाब धरत नाही. पाण्यात अर्धं ग्लायकोल असलं तरी उघड्यावर ते १०६-१०७ अंशांना उकळतं; १ बार दाब धरला तर साधारण १२९ पर्यंत टिकतं. दाब गेला की कूलंट ओव्हरफ्लोमधून उतू जातं आणि माणूस उगाच होज तपासत बसतो.

सहाचापाना

टोपी बघाच. पण "ओल क्रँकच्या पुलीपाशी, वरची होज कोरडी" हे वाचून मला वेगळी काळजी वाटतेय. गळती सापडेपर्यंत गाडी सुरू करू नका, जागेवरसुद्धा नको.

९४४ चा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम शाफ्ट फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्यावर फिरतो आणि बेल्टच्या कव्हरमागे बसतो. पंपाच्या सील आणि बेअरिंगच्या मधे एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, एवढ्यासाठी. बऱ्याच गाड्यांत तो थेंब सरळ जमिनीवर पडतो आणि लगेच कळतो. इथे तो कव्हरच्या आतून उतरतो, वाटेत बेल्टला भिजवतो आणि खाली पुलीपाशी बाहेर येतो. म्हणून तुमच्या होज कोरड्या आणि पुली ओली. बेअरिंग गेलं तर पंपाची पुली डगमगते, बेल्ट कडेला घासतो, दात सुटू शकतो. आणि ह्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा सरकला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. वाटीभर कूलंटच्या गळतीपायी अख्खं हेड उघडावं लागू शकतं.

आता शोधायचं कसं. इंजिन पूर्ण थंड हवं. एक तर गरम असताना टोपी उघडायची नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. दुसरं, गरम धातूवर बारीक थेंब पडल्यापडल्या सुकून जातो, मागे नुसता पांढरट खार उरतो. तिसरं, काही सांधे थंडीतच गळतात, कारण जुनं रबर आक्रसलेलं असतं आणि गरम झालं की ते पुन्हा घट्ट बसतं. इंजिनाचा पुढचा भाग पुसून खडखडीत कोरडा करा, नाहीतर जुन्या आणि नव्या ओलीतला फरक कळणार नाही. मग टाकीवर हाताचा प्रेशर टेस्टर लावा. तुमच्या टोपीवर जो दाब छापलाय तेवढाच द्या, त्याच्या वर नाही. पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे लक्ष ठेवा आणि तेवढ्या वेळात टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या.

सगळ्यात खालचा थेंब फसवतो. चालत्या गाडीत वारा ओल मागे ढकलतो, खालचं कव्हर ती भलतीकडे नेऊन सोडतं. सगळ्यात वरची ओली जागा शोधा, गळती तिथे किंवा तिच्या जरा वर असते. बेल्टचं वरचं कव्हर उतरवून आत पंपाकडे बघायला विसरू नका.

थेंब गाडी लावल्यावरच का पडतात? इंजिन बंद झालं की पंप थांबतो, हेडमधली उष्णता थांबलेल्या कूलंटमध्ये उतरते आणि दाब थोडा वेळ आणखी चढतो. अधू सील तेव्हा हार मानतं.

बाकीच्या शक्यता भराभर सांगतो. हीटरचा व्हॉल्व्ह मागे, फायरवॉलजवळ आहे. तो गळला तर थेंब इंजिनाच्या मागच्या टोकाला, बेलहाउसिंगपाशी (क्लचच्या कव्हरपाशी) पडतील. हीटरची जाळी गळली तर आतला गालिचा ओलसर होतो, काचेवर चिकट धुरकट थर येतो आणि गोडसर वास सुटतो. टाकीत कॉफीच्या रंगाचा गाळ दिसला तर ऑइल कूलरची सीलं. हेड गॅस्केटची शंका आली तर रात्रभर थंड झालेल्या गाडीची होज दाबून बघा. ती टणक लागली, किंवा इंजिन चालू असताना टाकीत सारखे बुडबुडे आले, तर ज्वलनाचा वायू शोधणाऱ्या निळ्या द्रवाने खात्री करा. वायू असेल तर तो पिवळा पडतो. पण त्यासाठी इंजिन चालवावं लागतं, म्हणून तुमच्या बाबतीत पंप निर्दोष ठरल्यावरच.

पावडर अजिबात नको. फिरत्या शाफ्टवरच्या झिजलेल्या सीलचं ती काही भलं करत नाही आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. जमिनीवर सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

जुनंइंजिन

सहाचापाना दादा, मनापासून आभार. गाडी जागेवरून हलवली नाही. टोपीचं रबर मऊ आहे, ओव्हरफ्लो कोरडा. दाब दिल्यावर काटा अगदी सावकाश उतरत गेला. होजच्या एकाही जोडावर ओल नाही. वरचं कव्हर काढून आरसा आत घातला, तर पंपाच्या खालच्या बाजूने हिरवट-पांढऱ्या खाराची रेघ उतरलेली आणि तिच्यावर ताजा ओघळ. बेल्टची आतली कडही ओली.

तर पंपच. आता एवढं उघडायचंच आहे, तर सोबत काय काय बदलू?

रोलरवाला

दोन्ही बेल्ट, म्हणजे टायमिंग आणि बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या शाफ्टचा). कूलंटने भिजलेला बेल्ट पुसून परत लावायचा नसतो. बेल्ट ज्यांवरून फिरतात ते सगळे रोलरही नवे घ्या, त्यांची बेअरिंग बेल्टइतकीच जुनी असतात. क्रँक, कॅम आणि बॅलन्स शाफ्टची पुढची तेलाची सीलं ह्याच वेळी हाताशी येतात. तेलही बेल्टचा शत्रूच, तेव्हा तीही बदला. थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडातच सर्कलिपने अडकवलेला आहे, तो त्याच्या सीलिंग रिंगसकट नवा. नव्या पंपासोबत जुना बसवण्यात काही अर्थ नाही.

काही काढण्याआधी इंजिन टॉप डेड सेंटरला आणा, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर. फ्लायव्हीलवरची ओटी (OT, टॉप डेड सेंटरची) खूण बेलहाउसिंगच्या खिडकीत दिसते, तीही जुळली पाहिजे आणि कॅमच्या चाकाची खूणही. फक्त एकीवर विसंबू नका.

तुमची गाडी ८६ ची, म्हणजे टायमिंग बेल्टचा ताण हातानेच द्यायचा. स्प्रिंगचा टेन्शनर ८७ पासून आला. ताण थंड इंजिनावर, मापाच्या अवजाराने घ्या; पोर्शचं ९२०१ नंबरचं त्यासाठीच आहे. बोटाने दाबून किंवा पीळ देऊन ठरवणारे भेटतील, पण ह्या इंजिनात मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट टायमिंग बेल्टपेक्षा सैल असतो; दोघांना एकच ताण देऊ नका.

सहाचापाना

रोलरवाल्यांशी सहमत. त्यात थोडी भर.

पंपाचे बोल्ट स्टीलचे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि मधे इतक्या वर्षांचा गंज. एकाच झटक्यात उलटे फिरवू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा, बोल्ट थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं करत काढा. जुनं गॅस्केट खरवडताना धारदार लोखंडी पातं वापरू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला तर नवा पंपही तिथूनच पाझरेल.

सगळं बसलं की क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा. स्टार्टर त्यानंतर. आणि कव्हर लावण्याआधी दाबाची परीक्षा पुन्हा घ्या.

कूलंट ॲल्युमिनियमला चालणारं, फॉस्फेट नसलेलं, शुद्ध पाण्यात निम्मं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पुढचा भाग थोडा उंच करा आणि हेडच्या पुढे वरच्या होजला जोडणाऱ्या तुकड्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करा. बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा, पण हलक्या हाताने. आत हवा अडकली तर दुरुस्ती चांगली होऊनही काटा वर जाईल.

जुनंइंजिन

काम झालं. जुना पंप हातात घेऊन फिरवला तर शाफ्ट उघडउघड हलत होता आणि बेअरिंग खरखरत होतं. एक बोल्ट फार चिवट निघाला, पण सैल-घट्ट करत शेवटी अख्खा बाहेर आला. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा जागेवर, आणि दाब दिल्यावर ह्या वेळी काटा हलला नाही. ब्लीड करताना हवा बरीच निघाली.

लांब फिरवून आणली, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला. कोरडा. ताणाची दोन्ही मापं लिहून ठेवली आहेत. रोलरवाला, नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो ना? ताण परत साधारण किती किलोमीटरनंतर बघू?