रक्त नंतर, आधी ब्लॉक

ए-१०४ काका: फॉरवर्ड आलाय, जसाच्या तसा टाकतो. ‘ब्रेन ट्यूमर जीन्समुळे होतो. घरात एकाला झाला असेल तर सर्वांनी रक्ताची जीन टेस्ट करा. दहा नावांच्या बुकिंगला सूट.’ रविवारी क्लबहाउसमध्ये कॅम्प ठेवूया का? कोण कोण आहे?

बी-६०२ डॉक्टर ताई (पॅथॉलॉजी): काका, नावं घेऊ नका. पहिलं वाक्य खरं आहे, पण दुसरं त्यातून निघत नाही. ट्यूमर जीन्समधल्या बिघाडानेच वाढतो. फक्त तो बिघाड बहुतेक वेळा मेंदूतल्या एखाद्या पेशीत पुढे कधीतरी झालेला असतो. आईवडिलांकडून आलेला नसतो, मुलांकडे जात नाही. घरच्यांच्या रक्तात तो सापडणार कुठून? ग्लायोमामध्ये (मेंदूतल्या आधारपेशींचा ट्यूमर) आनुवंशिक कारण सुमारे ५ टक्के रोग्यांतच असतं.

सी-३०१ ताई: मग बायोप्सी रिपोर्टात ‘आयडीएच१ आर१३२एच पॉझिटिव्ह, एटीआरएक्स लॉस’ असं येतं, ते काय? पॉझिटिव्ह वाचलं की पोटात गोळाच येतो.

बी-६०२ डॉक्टर ताई: इथे पॉझिटिव्ह ही त्यातल्या त्यात बरी बातमी. आयडीएच१ हे पेशीतलं एक एन्झाइम. त्याच्या साखळीत १३२व्या जागी आर्जिनिन हवं, तिथे हिस्टिडिन बसतं. एवढ्याने ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ बनवायला लागतं. तो पेशीत साठतो, डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुसणारी यंत्रणा अडवतो, आणि पेशी परिपक्व न होता नुसती विभागत राहते. ग्लायोब्लास्टोमात (ग्लायोमाचा सर्वांत आक्रमक प्रकार) हा बदल २००८ मध्ये दिसला. हा बदल असलेले रोगी नसलेल्यांपेक्षा जास्त जगतात, म्हणून २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात दोन्हींची नावंच वेगळी केली. आयडीएच म्युटंट, म्हणजे हा बदल असलेल्या, ट्यूमरला आता ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत, अगदी ग्रेड ४ (सर्वांत वरची ग्रेड) असला तरी.

बी-६०२ डॉक्टर ताई: आर१३२एच पॉझिटिव्ह असेल तर रंग चढवलेल्या स्लाइडवर ट्यूमरच्या पेशी तपकिरी दिसतात, रक्तवाहिन्या निळ्या राहतात. एटीआरएक्स या प्रथिनाचं उलटं. ट्यूमरची केंद्रकं निळी म्हणजे प्रथिन गेलं, बहुधा ग्लायोमाचा एक प्रकार, अ‍ॅस्ट्रोसायटोमा. पण शेजारच्या रक्तवाहिनीची केंद्रकं तपकिरी दिसलीच पाहिजेत. तीही निळी असतील तर तो ‘लॉस’ नव्हे, रंग चढलेलाच नाही. टेस्ट परत लावायची.

डी-२०५ (जेनेटिक्स): यात एक भर. ही आयएचसी टेस्ट, म्हणजे स्लाइडवर प्रथिनाला रंग चढवायची, फक्त आर१३२एच पकडते. आयडीएच बदलांपैकी दहातले साधारण नऊ तेच असतात. उरलेले, म्हणजे आर१३२सी किंवा आयडीएच२ या दुसऱ्या जीनमधले, सिक्वेन्सिंगशिवाय (डीएनएची अक्षरं वाचल्याशिवाय) दिसत नाहीत. म्हणून वय ५५ च्या आत असेल आणि आयएचसी निगेटिव्ह असेल, तर ‘आयडीएच वाइल्डटाइप’ (बदल नाही) लिहून मोकळं व्हायचं नाही. रिपोर्टात सिक्वेन्सिंग केलंय का ते बघा. ५५ च्या पुढे, चित्र सरळ ग्लायोब्लास्टोमाचं असेल आणि आधी कमी ग्रेडचा ट्यूमर झालेला नसेल, तर त्याची गरज सहसा नसते.

ए-१०४ काका: सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेड २ म्हणाले आणि नंतर एकदम ४ केला, असंही ऐकलंय. तो काय प्रकार?

डी-२०५ (जेनेटिक्स): ती चूक नव्हे, काका. मोठ्या माणसाचा पसरट अ‍ॅस्ट्रोसायटिक ट्यूमर, आयडीएच बदल नाही, आणि पुढच्या तिन्हींपैकी एक जरी सापडलं: टर्ट जीनच्या प्रमोटरमध्ये (जीन चालू-बंद करणाऱ्या भागात) बदल, ईजीएफआर जीनच्या प्रती प्रचंड वाढलेल्या, किंवा ७वं गुणसूत्र जादा आणि १०वं गेलेलं, तर दिसायला सौम्य असूनही तो ग्लायोब्लास्टोमा. आयडीएच म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमामध्ये सीडीकेएन२ए/बी या जीन्सच्या दोन्ही प्रती गेल्या की ग्रेड ४. आणि आयडीएच बदलासोबत १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे पूर्ण गेले असतील, तर तो ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. हा औषधांना बरा दबतो. फिश टेस्टवर (गुणसूत्राचा तुकडा आहे की गेला ते दाखवणारी) अर्धवट लॉस आला तर तो धरायचा नाही. इथे गफलत पुष्कळदा होते.

बी-७०१ (ऑन्कॉलॉजी): एमजीएमटी राहिलं, हे डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन. टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी डीएनएला मिथाइल चिकटवतं, एमजीएमटी ते काढून टाकतं. या जीनचा प्रमोटर मिथाइलेटेड असेल तर दुरुस्ती बंद, औषध लागू पडतं. ग्लायोब्लास्टोमाच्या २००५ च्या चाचणीत रेडिएशन अधिक टेमोझोलोमाइड घेतलेल्यांत मिथाइलेटेड गटाचं मध्यक आयुष्य २१.७ महिने होतं, दुसऱ्या गटाचं साधारण १३. तरुणांना गोळी दोन्हींत देतात. वयस्कर, अशक्त रोग्याला नुसती गोळी की नुसतं रेडिएशन, हे मात्र या रिपोर्टावर ठरतं.

बी-७०१ (ऑन्कॉलॉजी): आयडीएच बदलावर थेट गोळीही आली आहे, व्होरासिडेनिब. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी मिळाली, ऑपरेशननंतरच्या ग्रेड २ साठी. चाचणीत आजार पुढे सरकायला मध्यक २७.७ महिने लागले, प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) ११.१. लिव्हरच्या चाचण्या मात्र सतत कराव्या लागतात.

अ‍ॅडमिन: मध्येच सांगतो, उद्या १० ते १ पाणी बंद, टाकी धुणार आहेत. चालू द्या.

सी-३०१ ताई: म्हणजे सगळं त्या काढलेल्या तुकड्यावर?

बी-६०२ डॉक्टर ताई: हो, आणि घोळही तिथेच होतो. तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे, फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट. शनिवारी ऑपरेशन झालं आणि बरणी मंगळवारपर्यंत तशीच राहिली की डीएनएचे तुकडे होतात आणि सिक्वेन्सिंग फसतं. कॉटरीने (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाने) जळलेला किंवा मेलेला भाग पाठवला तरी तेच. ट्यूमर पेशी २० टक्क्यांच्या खाली असतील तर ‘बदल आढळला नाही’ या वाक्याला काही किंमत नाही. म्हणून पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर पेनाने गोल करून देतो: इथलं खरवडा.

डी-२०५ (जेनेटिक्स): रक्ताची टेस्ट कुणाला, तेही सांगतो. अंगावर कॉफीरंगी सहा किंवा जास्त डाग (लहान मुलात ५ मिमीपेक्षा मोठे, वयात आल्यावर १५ मिमीपेक्षा), तर एनएफ१ जीनची टेस्ट. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी, तर एनएफ२ ची. घरात कमी वयात सार्कोमा (हाड-स्नायूंचा कॅन्सर), स्तनाचा आणि मेंदूचा कॅन्सर असा गठ्ठा दिसला, तर टीपी५३ जीनची. यात प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असते. आधी समुपदेशन, मग जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये २-४ मिली रक्त. तेही आधी आजारी माणसाचं. त्याच्यात बदल सापडला तरच नातेवाइकांचं.

ए-१०४ काका: कॅम्प रद्द. पण ज्यांच्याकडे रुग्ण आहे त्यांनी हॉस्पिटलकडे नेमकं मागायचं काय?

बी-६०२ डॉक्टर ताई: बायोप्सी नंबर लिहून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला ट्यूमरचा तुकडा), त्याची एच अँड ई स्लाइड (नेहमीचा रंग दिलेली), आणि ४-५ मायक्रॉनच्या ८-१० बिनरंगाच्या स्लाइड. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी तिथेच काउंटरवर जुळवून बघा. फ्रोझन सेक्शनचा (ऑपरेशन चालू असताना गोठवून तपासलेल्या तुकड्याचा) ब्लॉक शक्यतो नको, बर्फाने पेशी फाटलेल्या असतात. आणि फ्रीजची गरज नाही, पण मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं.