मदत हवी आहे: संगीत नाटकासाठी अभिनयाची कार्यशाळा

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या आमच्या हौशी ग्रुपने किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधले (१८८२) दोन प्रवेश बसवायला घेतलेत. गळे तयार आहेत, पण पद संपवून गद्यावर येताना सगळे अवघडतात. आमची सुभद्रा तर तान घेताना अर्जुनाऐवजी पेटीवाल्याकडे बघते! विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातलं पूर्णवेळ शिक्षण नोकरी सांभाळून जमणारं नाही. सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराच्या आसपास किंवा कोथरूडला शनिवार-रविवारची कार्यशाळा कोणी घेतं का? वाचिक अभिनय आणि पद-गद्याचा सांधा शिकवणारं माणूस हवंय. मालिकांच्या ऑडिशनचे क्लास नकोत, ते पैशाला पासरी आहेत. मंडळी ३५ ते ६२ वयाची. फी आणि स्वतःचा अनुभव जरूर लिहा.