वकील नाही म्हणून प्रतिज्ञापत्र अडत नाही

सावली_७२: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "वकिलाशिवाय फॅमिली कोर्टात प्रतिज्ञापत्र देणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं." वाचून राहवलं नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १३ वाचा, तिथे वकील हक्काने उभा राहूच शकत नाही. पोटगीसाठी तर सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने उत्पन्न-मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राचा नमुनाच दिलाय. मी तीन रात्री बसून भरला. पासबुक, पगाराची स्लिप, मुलीच्या फीच्या पावत्या, एकेक रकाना. बायकांना घाबरवणं बंद करा.

मोरपंखी: तुमचं जमलं, ताई. माझ्या बहिणीने चार पानं सासूच्या बोलण्यावर लिहिली आणि स्वतःच्या शिकवण्यांचे सहा हजार लिहायचे राहिले. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत तेवढंच धरलं. "शपथेवर खोटं लिहिलंत ना?" उभ्या जागी रडली ती.

कट्टेकर: आधी मला सांगा, पाचशेचा स्टॅम्प का घ्यायला लावतात? कोर्टाबाहेरचा टायपिंगवाला म्हणाला, त्याशिवाय आत घेत नाहीत.

दत्तू_साताऱ्याचा: कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क नाहीच. साध्या कागदावर करा.

कट्टेकर: खिडकीवरून मला परत पाठवलं तेव्हा तुम्ही होतात का तिथे? दिवसाची मजुरी बुडाली माझी!

दत्तू_साताऱ्याचा: माझ्यावर कशाला ओरडता? कोणत्या नियमाने परत करता, ते लेखी मागायचं होतं.

कट्टेकर: लेखी मागितल्यावर पुढची तारीख कोण भोगणार, तुम्ही?

सावली_७२: अहो, स्टॅम्प पुरे. मोरपंखी, बहिणीचं वाईट झालं. पण वकील केला की चूक टळते असं नाही. माझ्या पहिल्या वकिलाने नवऱ्याचा पगार अंदाजाने नव्वद हजार ठोकला, मी न वाचता सही केली. जाब मलाच विचारला गेला. शपथ माझी होती ना! म्हणून दुसऱ्यांदा स्वतः लिहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, कानावर आलेलं वेगळं.

मोरपंखी: बरं, नमुना स्वतः भरता येतो, एवढं मानलं. पण दाखल करायच्या आधी जाणत्याने वाचायलाच हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तेही लिहा की.

सावली_७२: लिहायला हवं होतं. राहिलं माझ्याकडून.

कट्टेकर: आणि माझे पाचशे?